पिवळ्या पुरचुंड्या

करिश्माला मी ओळखत होतो असं म्हणायला माझी जीभ कचरते. तिच्या आणि माझ्या घरामध्ये एक बोराटीचं कुंपण होतं, एवढाच आमचा संबंध. ती लहानाची मोठी माझ्या डोळ्यांदेखत झाली. पण तिला काय आवडायचं, कशाची भीती वाटायची, वसतिगृहात तिच्याशी कोण बोलायचं, यातलं काही मला सांगता येणार नाही. मी एसटीत कंडक्टर होतो. माणसं चढताना आणि उतरताना पाहिली, मधलं त्यांचं काही कळलं नाही. हिचंही तसंच झालं. तरी गावात तिच्याविषयी जे बोलतात त्यात दरवर्षी भर पडत चालली आहे, म्हणून मी जेवढं पाहिलं तेवढं लिहितो. यात काही राहून गेलं असेल, काही उलटसुलट झालं असेल.

आमचं गाव नळदुर्गापासून थोडं आत आहे. वारा इकडचा असला की हैदराबाद रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज घरात येतो. करिश्माचे वडील धुळाप्पा मेंढरं राखायचे. स्वतःचं शेत नावापुरतं. पण आमच्याकडे सुगी झाली, रान मोकळं झालं, की शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. वाघूर म्हणून जाळीचं कुंपण असतं, ते रोवून रात्री कळप त्यात बसवायचा. लेंडीखत आपोआप पडतं आणि त्या बदल्यात शेतकरी धान्य देतो. धुळाप्पाचं घर त्यावर चालायचं. ज्वारी निघाल्यापासून मृग लागेपर्यंत आज याच्या रानात, उद्या त्याच्या रानात. गावानं बोलावलं तर चूल पेटणार, नाही बोलावलं तर नाही.

असल्या घरातली ही मुलगी अणुशास्त्राची इंजिनिअर व्हायला लांबच्या विद्यापीठात गेली. कसं जमवलं ते मला माहीत नाही. शिष्यवृत्ती होती एवढं ऐकलं होतं. गावाला त्याचं कौतुक होतं, पण ती नेमकं काय शिकते हे कुणाला सांगता यायचं नाही. तिची आई सिताबाई म्हणायची, "करंटाचं शिकती." ते आम्हाला पुरेसं होतं.

दोन वर्षांपूर्वीची येळामावशा, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या. त्या दिवशी आमच्याकडे गाव ओस असतं, सगळे आपापल्या रानात. कडब्याची कोप करायची, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, काळ्या आईची पूजा करायची आणि जो येईल त्याला भज्जी, उंडे, आंबील वाढायची. करिश्मा त्या सुट्टीला आली होती. दुपारी ती आमच्या कोपीशी आली. खांद्याला पिशवी, पिशवीत पिवळ्या कापडाच्या काड्यापेटीएवढ्या पुरचुंड्या.

"आबा, तुमच्या कुंपनाला ह्यातली एक बांधू का? पाडव्यापत्तुर."

"काय हाय ती?"

ती खाली बसली आणि तिनं सांगितलं. मला समजलं ते असं. शेवटच्या वर्षाला त्यांना चौघाचौघांनी मिळून एक अख्खी अणुभट्टी कागदावर उभी करायची असते. खरी बांधायची नाही. एकानं आतलं इंधन बघायचं, एकानं पाणी फिरवून ती थंड कशी ठेवायची ते, एकानं खर्च. हिच्याकडे जागा आली होती. सरांनी बजावलं होतं की जागा खरी पाहिजे, हवेतली नको. मग हिनं आपलं गाव घेतलं.

"हितंच कशाला?" मी विचारलं.

"मला हितलंच म्हाईत हाय, आबा. पानी कुठं लागतं, दगड कसला हाय, भूकंपात कुनाच्या भिंती पडल्या. दुसऱ्या गावाचं काय सांगू?"

पुरचुंडीत एक पातळ पट्टी होती, काळ्या कागदात गुंडाळलेली. जमिनीतून, दगडातून, आभाळातून थोडे थोडे किरण सगळीकडे येतच असतात, म्हणाली. ती पट्टी ते साठवून ठेवते. पावसाचं माप अंगणात ठेवावं तसं. भट्टी येण्याआधी किती होतं हेच ठाऊक नसेल, तर पुढं वाढलं का नाही ते कळणार कसं? तीन महिने पट्टी जागची हलायला नको. हलली तर आकडा गेला, आणि आकडा गेला तर तिचं वर्षाचं काम गेलं. सगळी भट्टी तिच्या जागेवर उभी होती.

"आनि हे पिवळं फडकं?"

"ते आईचं." ती हसली. "नुसती पट्टी बांधली आसती तर पोरांनी नेली आसती, न्हायतर शेळीनं खाल्ली आसती. आईनं कापडात शिवली आनि बिरोबाचा भंडारा चोळला. म्हनली, आता कुनी हात लावनार न्हाय."

सिताबाईचा अंदाज खरा ठरला. कुणीही हात लावला नाही. पुढचं सगळं त्यातूनच झालं असं मला वाटतं. एखाद्या पोरानं पहिल्याच आठवड्यात एखादी फोडली असती, आत काळा कागद आणि पट्टी पाहून फेकून दिली असती, तर गावाला कळलं असतं की आत काही नाही.

माझी बायको नीलम्मा आंबील ओतत म्हणाली, "एक ह्यांच्याच गळ्यात बांध की. तीन महिने जागचे हलनार न्हाईत, त्याची हमी माझी."

त्या दिवशी करिश्मा रानोरान फिरली. प्रत्येकाला विचारलं. सगळे रानातच होते म्हणून तिनं तो दिवस निवडला होता. सगळ्यांनी तिला जेवायला बसवलं आणि सगळ्यांनी हो म्हटलं. शेजारच्या बब्रुवानचं रान आमच्या बांधाला लागून, म्हणून त्याचं बोलणं मी ऐकलं.

"बापाची मेंढरं माझ्या रानात, आता लेकीचं बिऱ्हाड माझ्या बाभळीवर," बब्रुवान म्हणाला. "खानं-पिनं काय लागतंय का त्येला?"

"काय न्हाय, काका. नुसतं बसून ऱ्हातंय."

"मंग आमच्या थोरल्यागत हाय. बांध, बांध."

अमावास्या, भंडारा, पिवळं फडकं आणि बाभळीचं झाड. आता हे चारही शब्द एकाशेजारी एक लिहिले की वाचणारा काय समजेल ते मला दिसतं. त्या दिवशी कुणालाच काही वाटलं नाही. मलाही नाही.

करिश्मा परत गेली. ज्वारी निसवली, हुरडा झाला, काढणी झाली. बब्रुवाननं लवकर काढली होती. त्याच्या रानात धुळाप्पाची मेंढरं पहिली बसली, मग पुढच्या रानात गेली. विहिरीला पाणी होतं म्हणून बब्रुवाननं रान भिजवलं आणि ज्वारीच्या बुडख्यांना कोवळे फुटवे आले. एका सकाळी त्याची म्हैस सुटून त्यात शिरली, मागं खोंड गेलं. दोन्ही उभ्या जागी कोसळली. तोंडाला फेस, पाय ताठ. नळदुर्गाहून जनावरांचा डॉक्टर येईपर्यंत सगळं झालं होतं. तो म्हणाला, कोवळ्या फुटव्यात विष असतं, त्याची बाधा.

"मला ज्वारी शिकवतो का?" बब्रुवान म्हणाला. "दरसाल खात्यात जनावरं. दरसाल मेली न्हाईत." त्याचा आवाज चढलेला नव्हता. तो बाभळीकडं बघत होता. पुरचुंडी वाऱ्यानं हलत होती.

बब्रुवान वाईट माणूस नव्हे. माझ्या पायाला काच लागली तेव्हा त्यानंच मला मोटारसायकलवर दवाखान्यात नेलं होतं. पण त्या म्हशीच्या दुधावर त्याचा घरखर्च होता, आणि अशी दोन जनावरं एका सकाळी गेली की माणूस कारण शोधतो. कारण झाडावर टांगलेलं होतं.

मग बोलणं सुरू झालं. मोठ्यानं नाही. गिरणीत, पाणवठ्यावर, दूध घालायला गेल्यावर. मेंढरं त्याच रानात बसली होती, ती कशी मेली नाहीत? फुटवे नंतर आले, मेंढरं आधी गेली, हे मी एकदोघांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "तेच म्हनतो आमी. त्यास्नी म्हाईत व्हतं, म्हनून आधी काढली."

काही जण करणी म्हणाले. काही जण म्हणाले, करणी नव्हे, सरकारनं इथं भट्टी ठरवलीय, जमिनी घ्यायच्या आधी गाव रिकामं करायचंय. आमच्याकडं रस्त्यासाठी, पवनचक्क्यांसाठी मोजणीवाले येऊन गेलेले आहेत. खुणा आधी येतात, माणसं नंतर येतात, हे सगळ्यांनी पाहिलेलं. आणि किल्लारीच्या भूकंपाच्या पहाटे ज्यांनी जमिनीच्या पोटातला आवाज ऐकला त्यांना जमिनीखालच्या कुठल्याही गोष्टीचं भय लगेच वाटतं. मीही त्यातलाच आहे. आश्चर्य एवढंच की करणीवाले आणि सरकारवाले एकमेकांशी कधी भांडले नाहीत. दोघांचं बोट त्याच घराकडं होतं.

धुळाप्पाला निरोप येऊ लागले. "औंदा नगं." कारण कुणी देत नव्हतं. पुढं बघू, म्हणायचे. ऐन हंगामात कळप गायरानावर बसू लागला, जिथं खत पडून कुणाचा फायदा नाही आणि कुणाकडून दाणा नाही. सिताबाई नीलम्माकडं पीठ मागायला आली नाही, पण तिच्या चुलीचा धूर एक वेळच दिसू लागला. मग धुळाप्पाचा राखणीचा कुत्रा वाघरीच्या कडेला मेलेला सापडला. त्याच्या तोंडालाही फेस होता. त्यानं काही ज्वारी खाल्ली नव्हती.

धुळाप्पानं त्याला बांधाकडेला पुरलं. मी कुंपणाशी उभा होतो.

"धुळाप्पा, पोलिसात जायाचं का?"

"कुनाचं नाव सांगू?" तो म्हणाला. हात धुतले आणि मेंढरं घेऊन गेला.

शिमग्याला करिश्मा आली. आईनं बोलावलं का तिला आपणहून कळलं, मला ठाऊक नाही. धुळवडीच्या सकाळी मारुतीच्या पारावर माणसं जमली. रंग खेळायला जमायची तीच जागा, पण कुणाच्या हातात रंग नव्हता. ती एकटी उभी राहिली. बाप आणि आई मागं, खाली बसलेले.

तिनं समजावलं. कागदावरची भट्टी, अभ्यास, पट्टी. मला येळामावशेला सांगितलं होतं तसंच, तितक्याच शांतपणे. मग तिनं एक गोष्ट केली. बब्रुवानच्या बाभळीवरची पुरचुंडी ती घेऊन आली होती. सगळ्यांसमोर तिनं आईची शिवण उसवली, काळा कागद फाडला आणि पट्टी उन्हात धरली.

"ही आता वाया गेली," ती म्हणाली. "हिचा आकडा मला मिळनार न्हाय. पर बघा तुमी. हिच्यातनं काय भाईर पडत न्हाय."

माणसं पुढं झाली, मग मागं सरली. बब्रुवान एकटा जवळ गेला. त्यानं पट्टीला हात लावला नाही.

"हे दिसतंय ते न्हाय इचारत म्या," तो म्हणाला. "जे दिसत न्हाय ते सांग. किरनं म्हनतीस ती हायेत का न्हाईत?"

इथं ती नाही म्हणाली असती तर कदाचित निभावलं असतं. खोटं बोलणं तिला जमत नव्हतं, की ते तिच्या मनातच आलं नाही, हे मला कधीच कळणार नाही.

"हायेत, काका. सगळीकडंच आसत्यात. तुमच्या आंगनात, विहिरीच्या दगडात. आपल्या आंगात सुदिक. पयल्यापास्नं."

संध्याकाळपर्यंत गावात एकच वाक्य फिरत होतं, की तिनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, घराघरात आणि विहिरीविहिरीत आहे म्हणून. 'पहिल्यापासून' हा शब्द वाटेत गळून गेला होता.

पण तेव्हा पारावर मी उठून म्हणालो, "माझ्या बी कुंपनाला एक हाय. आमी दोगं बी जित्ते हाव."

मागून कुणीतरी म्हणालं, "तुमचं काय, आबा. तुमी तसं बी टर्मिनसला आलाव." हशा झाला. त्या सकाळचा तेवढाच हशा. मी बसलो.

ठरलं असं की पुरचुंड्या आजच्या आज उतरवायच्या. आणि ज्या हातानं भंडारा चोळला त्याच हातानं सोडायच्या, म्हणजे सिताबाईनं. आमच्याकडं भारलेलं सोडायचं तर भारणाऱ्यानंच, असा रिवाज आहे. बब्रुवान म्हणाला, "सितावैनी, तुमीच सोडा आनि बोरी नदीत टाका. मंग आमचं काय म्हननं न्हाय. मेंढरं पयल्यावानी बसतील."

करिश्मा म्हणाली, "काका, पाडव्यापत्तुर ऱ्हाऊ द्या. दोन आठवडे. मंग म्याच नेते."

"पाडव्याला आजून कुनाची म्हस मेली तर?"

तिनं बापाकडं पाहिलं. धुळाप्पा जमिनीकडं बघत होता. तिच्या एका बाजूला वर्षाचं काम होतं आणि दुसऱ्या बाजूला गायरानावर बसलेला कळप. तिनं रिकामी पिशवी खांद्याला अडकवली. मग म्हणाली, "चल, आई."

त्या दोघी रानोरान फिरल्या. सिताबाई गाठ सोडायची, लेक पिशवीत घालायची. घराघरांच्या दारात माणसं उभी राहून बघत होती. दोघी जवळ आल्या की लेकरांना आत ओढत होती. माझ्या कुंपणाची गाठ उन्हानं आवळली होती, सिताबाईला सुटेना. मी विळी आणून दिली. ती म्हणाली, "कापून न्हाय चालत," आणि दातानं सोडली.

ओढ्याकडच्या हद्दीच्या दगडाजवळ एक बांधलेली होती. ती तिथं नव्हती. दोघींनी आजूबाजूला शोधलं, मीही शोधलं. दोरासुद्धा नव्हता. बब्रुवान बांधावर उभा होता.

"समदी झाली का?" त्यानं लांबूनच विचारलं.

"एक घावली न्हाय," करिश्मा म्हणाली.

तिनं पुन्हा खरंच सांगितलं होतं. बब्रुवान वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भीती होती, आणि ती मला रागापेक्षा वाईट वाटली.

पुरचुंड्या नदीत टाकायच्या तिनं टाकल्या नाहीत. त्या तिच्या विद्यापीठाच्या होत्या, परत द्यायच्या होत्या. ती पिशवी घेऊन घरात गेली हे सगळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशीही धुळाप्पाला कुणी रानात बोलावलं नाही. त्यानंतरच्या दिवशी त्यानं वाघूर गुंडाळली, घोड्यावर भांडी आणि घोंगड्या लादल्या आणि कळप कर्नाटकाच्या हद्दीकडं वळवला. दरवर्षी जायचा तसा नाही. या वेळी दाराला कुलूप होतं आणि सिताबाईनं जातं शेजारी ठेवायला दिलं नाही, सोबत घेतलं.

ती हरवलेली पुरचुंडी कुणी नेली ते आजवर कळलं नाही. ओढ्याला जनावरं आता पाणी पीत नाहीत, म्हणजे पाजली जात नाहीत. बब्रुवाननं बाभूळ तोडली आणि लाकूड जाळलंही नाही, तसंच टाकलं. मागच्या पावसाळ्यात एका घरी वासरू मेलेलं जन्मलं, एकाला मूतखडा झाला, एकाच्या सुनेचा गर्भ राहिला नाही. प्रत्येक वेळी कुणीतरी हळूच म्हणतं, ती एक कुठंतरी आहे. धुळाप्पाच्या घराचे पत्रे एकेक करून गेले. भिंती उभ्या आहेत. पोरं त्या बाजूला चेंडू गेला तर तो सोडून देतात. माझं घर त्याला लागून, म्हणून आता माझ्याकडंही माणसं कमी येतात. नीलम्मा म्हणते, तुमचा भास आहे. असेल.

पुढच्या पौषात नळदुर्गाच्या खंडोबाच्या यात्रेत धुळाप्पा भेटला. वाळला होता. मेंढरं निम्मी विकली, म्हणाला. मी करिश्माचं विचारलं.

"झालं तिचं. पास झाली," तो म्हणाला. "तिनं जागा बदलली म्हनं. समुद्राकडची कुठली तरी घेतली. कदी बघितली बी न्हाय ती जागा. नकाशावरनं घेतली."

"का?"

"म्हनली, तितं माझ्या वळखीचं कुनी न्हाय, तेच बरं."

"आता कुठं आसती?"

"हाय तिकडं," एवढंच तो म्हणाला आणि भंडारा उधळणाऱ्या गर्दीत शिरला. मला तिचा नंबर मागायचा होता. मागून काय बोलणार होतो ते माहीत नव्हतं.

तिला मी शेवटचं पाहिलं ते धुळाप्पा कळप घेऊन गाव सोडून गेला त्याच सकाळी, हमरस्त्यावर. मी नळदुर्गाला औषध आणायला निघालो होतो. ती फाट्यावर उभी होती, पाठीला बॅग, हातात ती पिशवी. आजूबाजूला गावातली चार माणसं गाडीची वाट बघत होती, तिच्यापासून अंतर राखून. मी तिच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. खूप काही बोलावंसं वाटत होतं.

"जेवून निघालीस का?" मी विचारलं.

"चहा घेतला, आबा." मग रस्त्याकडं बघत तिनं विचारलं, "सोलापूरची गाडी हितंच थांबती ना?"

"थांबती. पर जरा म्होरं जाऊन उभी ऱ्हा. डायवर म्होरं नेऊन थांबवतो."

"बरं," ती म्हणाली, आणि पुढं जाऊन उभी राहिली.